सदाशिवच्या नावानं

हवेचा फुगा मोहरीच्या दाण्याहून लहान होता. कार्डावर चढवलेल्या प्लास्टिकच्या आत, सहीतल्या शेवटच्या अक्षराच्या वेटोळ्यात तो अडकला होता, आणि कार्ड खिडकीकडे तिरकं धरलं की त्याच्या कडेनं शाईची फिकट जांभळी झालर दिसत होती. मूळ सहीला ती झालर नव्हती. ती सही मला पाठ होती. बडोद्याच्या एका डावखुऱ्या फिरकी गोलंदाजानं निळ्या-काळ्या शाईत ती केली होती, टाकाचं टोक शेवटी किंचित उचललं होतं, त्यामुळे वेटोळं पुरं मिटलेलं नव्हतं. आता ते मिटलं होतं. शाई उष्णतेनं पसरली होती आणि वितळलेल्या थरानं तिला जिथे पकडलं तिथे ती कायमची थांबली होती. मी कार्ड खाली ठेवलं आणि दुसरं उचललं. त्याच्यात फुगा नव्हता, पण ते जाड लागलं. मी ते उलटं केलं. मागच्या बाजूला कोरा कागद असायला हवा होता आणि त्यावर माझी पेन्सिल. तिथे दुसरीच सही होती, पंजाबच्या एका हॉकीपटूची.

"काय बघायलीस इतकं?" दादा म्हणाला. "एक नंबर काम केलंय त्यानं. औरंगपुऱ्यात नवीन मशीन आणलंय, आख्ख्या गावात तसं नाही. आता शंभर वर्षं काही होत नाही बघ."

"सगळी केलीस?"

"सगळी."

"आणि मागची बाजू?"

"मागं काय होतं? पांढरंच तर होतं. त्यानंच सुचवलं, साहेब, दोन-दोन पाठीला पाठ लावून घेऊ, दोन्हीकडून बघता येतील." दादानं दोन बोटांत एक कार्ड धरून फिरवून दाखवलं, पुढून, मागून. तो खूश होता. रविवारची सकाळ होती, अंगावर इस्त्रीचा झब्बा होता, आणि समर्थनगरच्या त्याच्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर माझी तरुणपणाची दहा वर्षं चकचकत पसरली होती.

मागं पांढरंच नव्हतं. मागं प्रत्येक कार्डावर बारीक अक्षरात मी लिहिलं होतं, कोणाला काय विचारलं आणि त्यानं काय उत्तर दिलं, शाई कोणती, पाकीट कुठल्या कचेरीच्या पत्त्यावर गेलं. उत्तराची पत्रं मी आधी वेगळी ठेवली होती. घर बदलताना त्यांना वाळवी लागली आणि जाड कार्डं तेवढी वाचली. म्हणून मी आठवण ताजी असताना एक उन्हाळाभर बसून त्या पाठी भरल्या होत्या. पेन्सिल यासाठी की ग्राफाइट टिकतं. शाई हवेशी, उजेडाशी, पाण्याशी काही ना काही करत राहते, ग्राफाइट करत नाही. मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. या प्लास्टिकचा आतला थर तापला की मेणासारखा होतो, कागदाच्या तंतूंत शिरतो आणि तिथेच गोठतो. तो काढायचा म्हणजे कागदाचं कातडं ओढून काढायचं. हे मी दादाला सांगू शकले असते. त्यानं नीट ऐकून घेतलं असतं आणि म्हणाला असता, अगं, पण काढायचं कशाला?

मला राग नेमका कशाचा आला, हे मी त्या वेळी तपासत होते. नुकसानीचा राग मला येतो, पण तो असा छातीत बसत नाही. प्रयोगशाळेत मुली काचेची ब्युरेट फोडतात, मी नोंद करते आणि दुसरी देते. हा राग जुना होता. कपाटात ठेवलेल्या आम्लाच्या बाटलीचं बूच हळूहळू खाल्लं जावं आणि एक दिवस हात लावताच भुगा व्हावा, तसं काहीतरी झालं होतं. आणि दादा समोर उभा राहून प्रेमानं माझ्याकडे बघत होता. मी कौतुक करीन म्हणून वाट बघत होता.

चौदाव्या वर्षी मी पहिलं पत्र लिहिलं तेव्हा आम्ही औरंगपुऱ्यात भाड्याच्या तीन खोल्यांत राहत होतो. रेडिओ होता. सामन्याचं इंग्रजी समालोचन मला अर्धंच कळायचं, पण समालोचक म्हणाला की दव पडल्यावर चेंडू वळत नाही, आणि मला ते पटेना. ओल्या चेंडूचं वजन वाढतं की पकड सुटते? घरात विचारण्यासारखं कोणी नव्हतं. मग मी त्या गोलंदाजालाच विचारायचं ठरवलं. खेळाडूंचे पत्ते कुठेही छापलेले नसत. पण त्या काळी आपले खेळाडू बहुतेक रेल्वेत, पोलिसांत नाहीतर लष्करात नोकरीला असायचे आणि वर्तमानपत्रात नावापुढे कंसात ते यायचं. तेवढा धागा पुरे होता. विभागीय कचेरीचा पत्ता आणि खेळाडूचं नाव, एवढ्यावर पत्र पोचायचं. आत एक प्रश्न, ड्रॉइंगच्या जाड कागदाचं मापात कापलेलं कार्ड, आणि आपला पत्ता घालून तिकीट लावलेलं पाकीट, परत यायला. सही मागायची शेवटच्या ओळीत, जमल्यास म्हणून. प्रश्न खरा असला की माणसं उत्तर देतात, हे मला लवकरच कळलं. नुसती सही मागणारे त्यांना पुष्कळ असत.

ते पहिलं पत्र पाकिटात घालायच्या आधी अण्णांनी वाचलं. आमचे वडील, व्यंकटराव लासूरकर, निजामाच्या अमलात अदालतीत कारकून होते. त्यांचं सगळं शिक्षण उर्दूत. पोलीस ॲक्शननंतर नोकरी राहिली, कागद मात्र बदलले, आणि चाळिशीच्या माणसाला इंग्रजी मसुद्यांपुढे शाळकरी पोरासारखं बसावं लागलं. रात्री जेवणं झाली की ते त्यांचा मसुदा माझ्यापुढे सरकवायचे आणि मी चुका काढायची. माझ्या पत्रात त्यांना एकच चूक सापडली.

"खाली नाव सदाशिवचं घाल," ते म्हणाले.

"पण पत्र मी लिहिलंय."

"रेल्वेच्या दफ्तरात जाणार ना हे? चार कारकून फोडून वाचतील, मग साहेबाकडे जाईल. मुलीचं नाव बघून काय काय बोलतील, तुला माहीत नाही. मला आहे. मी कारकूनच आहे." मग जरा मऊ आवाजात, "नाव काय, दरवाजावरची पाटी. आत कोण राहतं, ते घरच्यांना माहीत असलं की झालं."

यात दुष्टपणा नव्हता, हेच मला पुढे फार छळत राहिलं. त्यांना खरोखर भीती वाटत होती, आणि ती त्यांना त्यांच्याच कचेरीनं शिकवली होती. मी नाव बदललं. त्यानंतर दहा वर्षं मी सदाशिव व्ही. लासूरकर होते. मी त्याची सहीसुद्धा बसवली होती. खेळाडूही कार्डावर सहीच्या वर तेच नाव घालायचे. त्या वेळी दादा अठरा वर्षांचा होता, पतंगाच्या मांज्यानं कापलेली बोटं तोंडात धरून हिंडायचा, आणि हॉकीत किती खेळाडू असतात हे त्याला सांगता आलं नसतं. उत्तरं यायला लागली तेव्हा घरी सगळ्यांना गंमत वाटली. गफूरमियाँ टपाल आणायचे. पाकिटावरचं अक्षर माझं आणि नाव दादाचं, हे त्यांच्या केव्हाच ध्यानात आलं होतं. दारातून ते ओरडायचे, "लेव, सदाशिव साहब, आपकी डाक आई!" आणि मी परकर सावरत धावायची. एकदा दादाच दारात होता. त्यानं हात पुढे केला तर गफूरमियाँ म्हणाले, "तुमना नक्को मियाँ, बड़े साहब कू बुलाव." सगळे हसले, दादाही हसला. पाकीट त्यानं आत आणून माझ्या हातात दिलं होतं. हे त्याला आठवत नाही. मी एकदा विचारून बघितलं होतं.

तो खोटं बोलत नाही. त्याच्या बोलण्यात हे कसं शिरलं ते मी पाहिलं आहे, पायरी-पायरीनं, एखादी रासायनिक विक्रिया पाहावी तसं. त्याच्या मुलाच्या मुंजीत कोणीतरी अण्णांच्या कपाटातली कार्डं बघितली आणि म्हणालं, अरे, ह्या सगळ्यांवर तुझं नाव! तो म्हणाला, हो ना, गंमत आहे. एवढंच. पुढच्या वेळी म्हणाला, लहानपणी नाद होता घरात. त्याच्या पुढच्या वेळी 'घरात' गळलं. पाटबंधारे खात्यात तो वरच्या पदाला चढला, जिल्ह्याच्या एका क्रीडा मंडळावर त्याला घेतलं, आणि तिथे त्याला नाद असणं सोयीचं झालं. मग तो बारकावे भरायला लागला. कंदिलाच्या उजेडात बसून पत्रं लिहायचो. आमच्याकडे वीज होती. प्रत्येक वेळी मी तिथे होते आणि प्रत्येक वेळी काहीतरी निमित्त होतं. मुंजीत चार माणसांत भावाचा पाणउतारा कसा करायचा. मग अण्णा आजारी. मग अण्णा गेले आणि त्यांचं लोखंडी कपाट, आतल्या डब्यांसकट, दादाकडे आलं, कारण मी तेव्हा महाविद्यालयाच्या वसतिगृहातल्या खोलीत राहत होते आणि कपाट ठेवायला जागा मुलाच्याच घरी असते. मग भाचीचं लग्न. मुकुंदवाडीला मी स्वतःच्या दोन खोल्या घेतल्या त्यालाही आता बरीच वर्षं झाली. स्टेशनच्या बाजूच्या खोलीत एक आडवं, थंड, कोरडं फडताळ मी याच कार्डांसाठी करून घेतलं. ते अजून रिकामं आहे. दर दिवाळीला मी ठरवायची, या खेपेला दादाला सांगायचं, माझे डबे दे, आणि हेही सांगायचं की ते माझे आहेत. आणि दर दिवाळीला मी फराळाचा डबा घेऊन परत यायची.

"बरं, एक ठेवलंय हं तुझं," दादा आता म्हणत होता. त्यानं झब्ब्याच्या खिशातून एक कार्ड काढलं. ते उघडं होतं, कागदाचं, कडा जराशा पिवळ्या. "ह्याच्यावर तुझं नाव निघालं. बाकीच्यांत बसत नव्हतं, म्हणून लॅमिनेशनला दिलं नाही. तूही लिहिली होतीस ना तेव्हा एक-दोन?"

मी ते हातात घेतलं. जबलपूरच्या एका हॉकी खेळणाऱ्या मुलीचं होतं. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला मी हे एक पत्र माझ्या नावानं, विद्यापीठातल्या विभागाच्या पत्त्यावरून टाकलं होतं. मी तिला विचारलं होतं की मुरमाच्या मैदानावर आणि गवतावर चेंडू थांबवताना मनगटात काय फरक करावा लागतो. तिनं उत्तर लिहिलं होतं, आणि खाली लिहिलं होतं की प्रिय मीनाक्षी, मला आजवर कोणी मुलीनं पत्र लिहिलं नव्हतं. ती ओळ वाचताना तेव्हा माझे कान तापले होते. एक-दोन. मी कार्ड पर्समध्ये ठेवलं आणि पर्सची चेन ओढली. ती मध्येच अडकली. मी पुन्हा ओढली.

"मीनाताई, चहा ठेवायले, साखर घालू ना?" स्वयंपाकघरातून यमुनावहिनी म्हणाली. तेवढ्यात फाटक वाजलं.

तात्यासाहेब आले होते, क्रीडा मंडळाचे अध्यक्ष. वैजापूरकडची जमीनदार मंडळी. कापसाच्या हंगामात तिकडे आणि एरवी इथे. मंडळाच्या नव्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक दालन करायचं, त्यात ही कार्डं भिंतीला लावायची आणि दारावर 'सदाशिव लासूरकर स्वाक्षरी दालन' अशी पाटी, हे सगळं ठरलेलं होतं. मला ते पंधरा दिवसांपूर्वी फोनवर कळलं होतं. मी 'बरं' म्हटलं होतं. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ ओट्याशी उभी राहून एकच भांडं घासत होते.

"आरं बाप रं," तात्यासाहेब टेबलाशी वाकून म्हणाले. "लई मोठं काम केलं बघा इंजिनेरसाहेब. आमी त्या वयात काय केलं? बोरं पाडली आन मार खाल्ला."

"नाद असतो एकेकाला," दादा म्हणाला.

"आन इतकी पत्रं लिवली तरी कशी?"

"रोज एक. ठरवूनच टाकलं होतं."

वहिनी ट्रे घेऊन आली होती. "ह्यांना किराणाची यादी लिही म्हटलं तर अर्धा तास पेन सापडत नाही," ती म्हणाली, "आणि म्हणे रोज एक पत्र." तात्यासाहेब मोठ्यानं हसले. दादाही हसला, अगदी मनापासून. मी वहिनीकडे बघितलं. ती कप मोजल्यासारखं करत होती. सत्तावीस वर्षं ती या घरात आहे, माझं अक्षर तिला माहीत आहे, त्या पाठी तिनं कपाट पुसताना शंभरदा पाहिल्या असतील. तिचं वाक्य हवेत गेलं, हसण्यात विरलं, आणि कोणी त्याच्या मागे गेलं नाही. या घरात खरं असं बोललं जातं, ट्रेमधून, चहाबरोबर.

"खाली चिठ्ठ्या लावायच्यात, कोण खेळाडू, कुठला," दादा मला म्हणाला. "त्या तू लिही. तुझं अक्षर चांगलं आहे."

"व्हय, ताईंचं अक्षर पायजे," तात्यासाहेब म्हणाले. "मास्तरीण हाईत." मग त्यांनी एक कार्ड उचललं आणि डोळ्यांजवळ नेलं. "आन ह्यो काय? ह्यो तर अंगठा हाय."

"कोल्हापूरकडचा पैलवान," दादा म्हणाला. "अडाणी होता बिचारा. सही येत नव्हती, मग दिला अंगठा ठोकून."

"चालायचंच. पैलवानाला काय करायचंय अक्षर?" तात्यासाहेबांनी स्वतःचा अंगठा त्या ठशाशेजारी धरून बघितला. "पण जाडजूड हाय हं गडी!"

ते दोघं हसत होते आणि माझ्या कानांत दुसरंच काही चाललं होतं. त्या पैलवानाला मी विचारलं होतं की कुस्तीच्या आधी अंगावर माती का घेतात. घाम शोषायला, की पकड बसायला, की नुसती रीत म्हणून. दीड पान उत्तर आलं होतं. आखाड्याच्या मातीत ताक, तेल, हळद का घालतात, ती किती दिवस मुरू द्यायची, ओल कशी ओळखायची, सगळं क्रमानं, एखाद्या चांगल्या पाठ्यपुस्तकासारखं. अक्षर पुतण्याचं होतं, आणि पहिल्याच ओळीत तसं लिहिलेलं होतं. सांगलीच्या कुस्तीत उजवं मनगट मोडलं, प्लास्टरमध्ये आहे, म्हणून पुतण्याकडून लिहवून घेतो. सही करता येत नाही म्हणून डाव्या हाताचा अंगठा पाठवतो. मी सातवी पास आहे, तालमीतल्या पोरांना संध्याकाळी वाचायला शिकवतो. चि. सदाशिव, गैरसमज नसावा.

गैरसमज नसावा. त्या माणसानं त्या एका गोष्टीची काळजी केली होती. एका अनोळखी पोरानं आपल्याला निरक्षर समजू नये म्हणून त्यानं दुखऱ्या हातानिशी, दुसऱ्याच्या अक्षरात, खुलासा पाठवला होता. तो मी त्याच्या अंगठ्याच्या मागे, आठवणीतून शब्द न् शब्द, पेन्सिलीनं उतरवून ठेवला होता. ती बाजू आता कुठल्याशा जलतरणपटूच्या पाठीला चिकटून गेली होती. भिंतीवर तो अंगठा लागेल, खाली माझ्या चांगल्या अक्षरात चिठ्ठी लागेल, शाळेची मुलं रांगेनं येतील, गुरुजी बोट दाखवतील आणि ती हसतील. माझं नाव गेलं ते मी सोसलं होतं. ते माझं होतं, सोसायचा अधिकारही माझा होता. या माणसाची अब्रू मात्र माझी नव्हती. ती माझ्याकडे ठेवायला दिलेली होती, आणि ती सदाशिवच्या हाती मी दिली होती, दर दिवाळीला थोडी थोडी, फराळाच्या डब्याबरोबर. आता कागदावर काही उरलं नव्हतं. जे होतं ते एका माणसाच्या डोक्यात होतं, आणि तो माणूस म्हणजे मी, खुर्चीत बसून चहाला फुंकर घालत होते.

"तो अडाणी नव्हता," मी म्हणाले.

आवाज लहानच निघाला. वर्गात मी यापेक्षा मोठ्यानं बोलते. पण तात्यासाहेबांनी अंगठा मागे घेतला.

"कोण?" दादा म्हणाला.

"त्याचं मनगट मोडलं होतं. तो सातवी पास होता. त्यानं पत्रात लिहिलं होतं तसं."

"असेल बाबा. इतक्या वर्षांचं कोणाला आठवतं?"

"ज्यानं पत्र लिहिलं त्याला आठवतं. तू त्याला काय विचारलं होतंस?"

दादानं माझ्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, ती असती तर मला सोपं गेलं असतं. तो खरोखर आठवून बघत होता. कपाळाला आठी घालून, अण्णा मसुद्यापुढे बसायचे तसा, तो त्या दहा वर्षांत एक प्रश्न शोधत होता, फक्त एक, आणि त्याच्या हाताला काही लागत नव्हतं. मला त्याची दया आली. नेहमी इथेच यायची. इथेच मी म्हणायची, जाऊ दे, आणि विषय भाचीच्या बाळाकडे वळवायची. वहिनीनं किटली टेबलावर ठेवली आणि ती उभीच राहिली.

"मिनू," दादा हळू म्हणाला, "तात्यासाहेब बसलेत."

"म्हणूनच आत्ता बोलायलेय."

"नाय, बोला ना ताई," तात्यासाहेब म्हणाले. त्यांनी कार्ड जपून खाली ठेवलं. "काय हाय त्ये सांगा. पाटी अजून रंगवायचीच हाय."

मी चहाचा कप खाली ठेवला. हात मांडीवर एकावर एक ठेवले.

"तात्यासाहेब, ही सगळी पत्रं मी लिहिलीत. दादाच्या नावानं, कारण वडिलांना मुलीचं नाव टपालात नको होतं. ही कार्डं मी आत्ता रिक्षानं मुकुंदवाडीला माझ्या घरी नेणार आहे. तुम्हाला दालनासाठी हवी असतील तर तिथे या. पण पाटीवर मीनाक्षी व्यंकटराव लासूरकर हे नाव लागेल, नाहीतर कार्ड मिळणार नाही, एकसुद्धा."